हौदावरचा अर्ध्या एचपीचा पंप नुसता हूं करतोय, आणि आता नळालाही करंट येतोय

सड्यावरचा | ११ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात, आई-बाबा रत्नागिरीजवळ सड्यावरच्या घरी. ग्रामपंचायतीचं पाणी एक दिवसाआड हौदात येतं आणि तिथून अर्ध्या एचपीच्या मोनोब्लॉक पंपाने वरच्या टाकीत चढवतात. पंप आठेक वर्षांचा आहे. हौद घरापासून चाळीस मीटर खाली, आगराच्या कडेला.

आठवडाभर झाला, बटण दाबलं की पंप नुसता हूं करतो. बाबा मागच्या जाळीतून काडी घालून पंख्याला ढोस देतात, मग उचलतो. गावातल्या एका मुलाने कंडेन्सर बदलून दिला. दोन दिवस झकास चालला, मग पुन्हा तेच. परवा आई पंपाशेजारच्या नळावर हात धुवायला गेली तर हाताला झिणझिण्या आल्या. बाबांचं म्हणणं, पावसाळ्यात एवढं चालायचंच.

मोटर रिवाइंड करावी की नवा पंप घ्यावा? मला सुट्टी शनिवारीच मिळेल. तोवर फोनवरून बाबांकडून काय काय तपासून घेता येईल?

उचापतखोर | ११ जून, रात्री १०.०५

कंडेन्सर लोकल बसवला असणार. एक नंबर मोठा टाका. आमच्याकडे १० च्या जागी १६ टाकलाय, बटण दाबताच उचलतो. झिणझिण्यांसाठी सोपा उपाय: प्लगमधल्या दोन वायरी उलटसुलट करून बघा. आमच्या बोअरच्या पंपाला तेवढ्याने फरक पडला होता.

कॉइलवाला | ११ जून, रात्री १०.५०

सड्यावरचा, हे वाचलंत की आधी घरी फोन लावा. मेन बोर्डावरून पंपाची लाईन बंद करायला सांगा आणि प्लग काढून ठेवा. पाणी बादलीने चढवा, नाहीतर दोन दिवस शेजाऱ्यांकडून घ्या. पण त्या पंपाला आता कुणी वीज देऊ नका. मी सांगली जिल्ह्यात २६ वर्षं मोटरी भरतो, म्हणजे रिवाइंडिंग करतो. 'पावसाळ्यात चालायचंच' म्हणणाऱ्यांच्या मोटरी माझ्याकडे येतात. काही वेळा मोटर येते आणि बातमीही येते.

उचापतखोर, राग मानू नका, पण तुमचे दोन्ही उपाय चुकीचे आहेत. प्लग उलटा केल्याने झिणझिण्या कमी होतात हे खरं. वाइंडिंगचं, म्हणजे मोटरीतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचं, इन्सुलेशन एका जागी गेलेलं असतं आणि तिथून करंट बॉडीत उतरतो. ती जागा न्यूट्रलच्या टोकाजवळ आली तर बॉडीवर कमी व्होल्ट येतात, फेजच्या टोकाजवळ आली तर जास्त. म्हणजे तुम्ही भोक बुजवलं नाहीत, भांडं फिरवून ठेवलंत. उद्या कुणीतरी प्लग पुन्हा उलटा लावणार.

मोठ्या कंडेन्सरचंही तसंच. या मोटरीत दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. कंडेन्सर स्टार्टिंगच्या वाटेत बसतो आणि पंप चालू असेपर्यंत तिथेच राहतो. १० मायक्रोफॅरडच्या जागी १६ टाकला की स्टार्टिंग वाइंडिंगमधून कायमच जादा करंट वाहतो. मोटर उचलते जोरात आणि तापतेही जोरात. प्लेटवर १० लिहिलंय तर १०, ४४० व्होल्टचा. त्यात इकडेतिकडे ५ टक्के चालतं, त्याहून जास्त नाही.

उचापतखोर | ११ जून, रात्री ११.०२

तीन वर्षं चालतोय काका. जळला की सांगतो.

कॉइलवाला | ११ जून, रात्री ११.१०

सांगू नका, घेऊनच या.

वायरमन_निवृत्त | १२ जून, सकाळी ६.१५

वरील सल्ल्याशी सहमत. आणखी तीन प्रश्न.

पंपाच्या प्लगला तिसरी, जाड पिन आहे का? तिला वायर लावलेली आहे का? ती वायर खरोखर जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत जाते का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खेड्यात दहापैकी कितीतरी घरांत 'माहीत नाही' असं मिळतं. काही महाभाग प्लगच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून टाकतात. टेस्टरला काही दिसत नाही, मोटर चालते, गिऱ्हाईक खूश. मग कधीतरी खांबावर किंवा बोर्डात न्यूट्रल सुटतो. त्या क्षणी पंपाची अख्खी बॉडी २३० व्होल्टवर येते, मोटर अगदी ठणठणीत असली तरी. अशा घरी मी गेलो आहे. जास्त लिहीत नाही.

बोर्डात ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लाईन तोडणारा स्विच, आहे का, तेही बघा. एमसीबी वेगळा आणि आरसीसीबी वेगळा. एमसीबी जादा करंट वाहिला की पडतो; तो वायर वाचवतो, माणसाला नाही. ६ अॅम्पिअरचा एमसीबी तुमच्या अंगातून जाणाऱ्या करंटने कधीच पडणार नाही. १० मिलिअॅम्पिअरच्या पुढेच हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही.

नागपूरची_उषा | १२ जून, सकाळी ८.३०

अहो बाप्पा, काडी घालून पंखा फिरवून राहिले बाबा! लाईन चालू ठेवून? पहिले ते बंद करा.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरने माणसं जातात. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि वरून चालू कूलरमध्ये पाइपाने पाणी भरणं. त्यातली मोटर तर तुमच्या पंपाहून कितीतरी लहान. आमच्या घरी नियम आहे: पाणी भरायचं तर प्लग काढून हातात दाखवायचा, मगच नळ सोडायचा. मुलं हसतात. हसू देत.

सड्यावरचा | १२ जून, दुपारी १.२०

सगळ्यांचे आभार. रात्रीच फोन केला, लाईन बंद आहे. बाबा थोडे वैतागले, आई म्हणाली, 'मी सांगत होते ते कुणी ऐकलं नाही.'

प्लगला तिसरी पिन आहे. आत काय आहे ते शनिवारी बघतो. बोर्डात आरसीसीबी होता, पण पंप लावला की तो पडायचा. म्हणून त्याच मुलाने पंपाला मीटरकडून वेगळी लाईन दिली. आता लिहिताना लक्षात येतंय.

कॉइलवालाकाका, नुसतं हूं करण्याचं कारण घरी ओळखता येईल का?

कॉइलवाला | १२ जून, रात्री ९.१५

पहारेकरी भुंकतो म्हणून त्यालाच घराबाहेर काढलंत की!

हूं करणं म्हणजे मोटर जागेवर अडकलेली आहे, पण करंट घेते आहे. चालताना ही मोटर साधारण साडेतीन अॅम्पिअर घेते. अडकलेली असताना त्याच्या पाच-सहापट. पंखा फिरत नाही म्हणजे हवाही नाही. दोन-चार सेकंदांत उचलला नाही तर बंद करायचा. 'थांब, उचलेल आत्ता' म्हणत बसलं की तेवढ्यात वाइंडिंग करपतं. करपल्या वार्निशचा वास एकदा आला की जन्मभर ओळखता येतो.

आता ओळखायचं कसं. प्लग काढलेला, बाहेर दिसतोय, याची खात्री करा. बऱ्याच मोनोब्लॉकला मागे शाफ्टच्या टोकाला खाच असते, तिथे स्क्रूड्रायव्हर लावून फिरवा. लोण्यासारखा फिरला तर संशय कंडेन्सरवर. घट्ट लागला, करकरला, अडकत-सुटत फिरला तर कंडेन्सर बिचारा निर्दोष. बेअरिंग गेलंय, किंवा इम्पेलर, म्हणजे आतली पाणी ढकलणारी चक्री, क्षाराने नाहीतर गंजाने धरलाय. तुमचा नवा कंडेन्सर दोनच दिवस चालला, म्हणजे माझा अंदाज बेअरिंगचा.

आणि एक बघा. पंप आणि मोटर यांच्या मधे, खालच्या अंगाला एक फट किंवा भोक असतं. तिथून पाणी ठिबकत होतं का, आईंना विचारा. बायकांना ओल आधी दिसते.

कंडेन्सरला हात लावण्याआधी तो रिकामा करा. प्लग काढला तरी त्यात ३००-३२५ व्होल्टपर्यंत साठलेलं असू शकतं. स्क्रूड्रायव्हरने दोन टोकं जोडून ठिणगी पाडायची नाही. टोकं जळतात, कंडेन्सर खराब होतो आणि माणूस दचकून हात कशावर तरी आपटतो. होल्डरमधला साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब दोन टोकांना क्षणभर लावा, झालं. एलईडी नको.

मीनल_दळण | १२ जून, रात्री १०.००

धाग्यात घुसते, माफ करा. माझी एक एचपीची घरघंटी आहे, दळणं घेते. सुरू करताना हूं करते, मग उचलते. पण हल्ली अर्ध्या तासात बॉडीला हात लावता येत नाही. माणूस म्हणाला, पिठाने होतं, फुंकून काढा. हे खरं का?

कॉइलवाला | १२ जून, रात्री १०.४०

ताई, अर्धं खरं. तुमच्या मोटरीला बहुतेक वेगळा स्टार्टिंग कंडेन्सर असेल, रनिंगच्या कितीतरी पट मोठा. तो फक्त उचलेपर्यंत लाईनीत राहायचा असतो. मोटर वेगात आली की आतला सेंट्रीफ्युगल स्विच त्याला सोडवतो. नवीन असताना सुरू केल्यावर क्षणभराने 'टक्' असा आवाज यायचा, बंद करताना वेग उतरला की परत 'टक्'. आठवतोय? आता येतो का?

मीनल_दळण | १२ जून, रात्री १०.५५

अय्या! यायचा. आता येत नाही. मला वाटायचं बरं झालं, आवाज कमी झाला.

कॉइलवाला | १२ जून, रात्री ११.०५

तो स्विच पिठाने चिकटलाय किंवा पॉइंट वितळून जोडले गेलेत. स्टार्टिंग वाइंडिंग पूर्ण वेळ चालू आहे, म्हणून एवढी तापते. उद्यापासून दळण बंद, आधी स्विच. अजून वाचलेली असेल तर साफसफाई किंवा नव्या स्विचवर भागेल. आणि फुंकून नको, पीठ आणखी आत जातं. प्लग काढून ब्रश आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या.

टोरांटोकर | १३ जून, पहाटे ४.२०

इथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. भारतातून आणलेला ७५० वॅटचा मिक्सर ट्रान्सफॉर्मरवर चालवते. बायकोची मैत्रीण म्हणाली हर्ट्झ वेगळे म्हणून जळेल. सहा वर्षं झाली, चटणी होते आहे. हल्ली मात्र आत निळं चमकतं.

कॉइलवाला | १३ जून, सकाळी ७.००

चालवते की चालवतो, आधी ठरवा!

मिक्सरची मोटर कार्बन ब्रशवाली, म्हणजे युनिव्हर्सल. तिला हर्ट्झचं काही पडलेलं नाही, व्होल्ट बरोबर हवेत. पंखा-पंपासारखी इंडक्शन मोटर ६० हर्ट्झवर सुमारे २० टक्के जास्त वेगाने पळते, तिथे विचार करावा लागतो. ब्रशखाली बारीक निळी ठिणगी असतेच. कम्युटेटरभोवती, म्हणजे ब्रश घासतात त्या तांब्याच्या गोलाभोवती, अंगठीसारखं जळणारं कडं दिसलं तर थांबा. ब्रश झिजून एक तृतीयांश उरले असतील तर जोडीने बदला, एकच बदलू नका. आणि बुशिंगमध्ये खोबरेल तेल नको, ते गोठून डिंक होतं. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरे.

टोरांटोकर | १३ जून, सकाळी ७.१०

चालवते ती, बघतो मी. खोबरेल मीच घातलं होतं.

चष्मेवाला | १३ जून, सकाळी १०.२५

मूळ मुद्द्यावर एक आकडेमोड. चाळीस मीटरवर वेगळी लाईन दिली म्हणताय, वायर कुठली वापरली? अशा कामाला बरेचदा ०.७५ चौरस मिलिमीटरची फ्लेक्झिबल ओढतात. जाऊन-येऊन ८० मीटर तांबं, म्हणजे सुमारे १.९ ओहम. चालताना साडेतीन अॅम्पिअरला ६-७ व्होल्ट पडतात, ते कळतही नाही. पण उचलताना १८ अॅम्पिअर ओढले तर ३४ व्होल्ट वायरीतच गेले. गावात संध्याकाळी मुळात २१० असेल तर मोटरीला १७६ उरतात. या मोटरीचा जोर व्होल्टच्या वर्गाने उतरतो, म्हणजे २३० ला जेवढा होता त्याच्या ५८-५९ टक्के. बेअरिंग जरासं जड झालं की उचलणार कशी? २.५ ची वायर टाकली तर तोच तोटा १० व्होल्टवर येतो.

वायरमन_निवृत्त | १३ जून, सकाळी ११.००

गणित बरोबर. भर एवढीच, की वायर तीन गाभ्यांची हवी. तिसरा गाभा अर्थचा.

सड्यावरचा | १४ जून, रात्री ८.३०

आज घरी पोचलो. लाईन बंद करून, एमसीबीवर चिकटपट्टी लावून, 'हात लावू नये' असं लिहून कामाला लागलो. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, माझ्यावर लक्ष ठेवायला.

१. शाफ्ट दगड. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा करकरत पाव फेरा फिरला.

२. मधल्या भोकाखाली गंजाचा लालसर ओघळ. आई म्हणाली, गणपतीपासून ठिबकतंय. म्हणजे गेल्या गणपतीपासून!

३. प्लेटवर १० मायक्रोफॅरड. बसवलेला कंडेन्सर १५.

४. वायर चष्मेवाल्यांनी म्हटली तीच. दोन गाभे.

५. प्लग उघडला. अर्थच्या पिनेतून दोन इंचांचा वायरीचा तुकडा न्यूट्रलच्या पिनेला. वायरमनकाका, तुम्ही डोळ्यांनी बघितल्यासारखं लिहिलं होतं.

बाबा बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसले. मग म्हणाले, 'आणि मी काडी घालत होतो.'

उचापतखोर | १४ जून, रात्री ९.००

मी आमचा १६ चा काढून १० चा लावला आज. पंप उचलला नाही. आता बेअरिंग बघतो. काही बोलू नका.

कॉइलवाला | १४ जून, रात्री ९.४०

काही बोलत नाही.

सड्यावरचा, आता सगळी साखळी लागते. पाणी अडवायचं काम मेकॅनिकल सीलचं. ते गणपतीत गेलं. पाणी शाफ्टवरून पुढच्या बेअरिंगमध्ये उतरलं, ग्रीस धुतलं, बेअरिंग गंजलं. मोटर जड झाली, वरून बारीक वायरीने व्होल्ट खाल्ले, म्हणून हूं करू लागली. मोठा कंडेन्सर लावून तिला चाबूक मारला. वाइंडिंग तापत राहिलं, ओलही आत शिरली, इन्सुलेशन हरलं. आरसीसीबी नेमकं तेच ओरडून सांगत होता. दीड-दोनशे रुपयांचं सील तेव्हाच बदललं असतं तर पुढचं काहीच नव्हतं.

मोटर रत्नागिरीत चांगल्या वाइंडिंगवाल्याकडे न्या. भरायची की नाही हे त्याला मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, ठरवू द्या. ५०० व्होल्टच्या मेगरवर वाइंडिंग आणि बॉडीमध्ये किमान एक मेगओम हवा. ओली मोटर कमीच दाखवते, म्हणून लगेच तांबं उपटू देऊ नका. आधी भट्टीत सुकवायची, मग परत मोजायचं. घरी साध्या मल्टिमीटरने फक्त एवढं कळेल: कॉइलच्या तीन वायरींच्या तीन जोड्या मोजा, सगळ्यात मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेएवढा आला तर कॉइल तुटलेली नाही. गळते की नाही ते त्यावरून कळत नाही.

बेअरिंग आपल्यासमोर बसवून घ्या. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं मागा. पत्र्याच्या झाकणाचं धूळ अडवतं, पाण्याला तेवढं पुरत नाही. शाफ्टवर बसवताना आतल्या कड्यावर पाइप ठेवून ठोकायचं. बाहेरच्या कड्यावर हातोडी घातली की नव्या बेअरिंगच्या गोळ्यांना जन्मतःच खळगे.

सड्यावरचा | १८ जून, रात्री १०.१५

मोटर आल्यावर मेगर ०.२ मेगओम. दोन दिवस सुकवून, वार्निश मारून, परत सुकवून ४० च्या वर. रिवाइंडिंगची गरज पडली नाही. दोन्ही बेअरिंग, सील, १० चा कंडेन्सर, मजुरी मिळून ११५०. वायर आणि अर्थिंगला त्याहून बरंच जास्त गेलं. २.५ ची तीन गाभ्यांची केबल, हौदाजवळ स्वतंत्र अर्थिंग, आणि पंपाची लाईन पुन्हा आरसीसीबीतून. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं.

क्लॅम्प मीटर (वायर चिमट्यात धरून करंट मोजायचं मीटर) घेऊन करंट मोजायला गेलो तर शून्य! घाबरलो. मग इलेक्ट्रिशियन हसत म्हणाले, 'अहो, अख्खी केबल नाही धरायची, एकच गाभा.' जाणारा-येणारा करंट एकमेकांना खातो. ३.४ आला.

सुरू करताना आता आवाजच येत नाही, नुसतं पाणी चढल्याचा खळखळाट. बाबांनी आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याच्या संकष्टीला दाबायचं ठरवलंय. विसरायला नको म्हणून.

नागपूरची_उषा | १८ जून, रात्री १०.३०

संकष्टीची आयडिया आमच्याकडे पण सुरू.

मीनल_दळण | १९ जून, सकाळी ९.१०

स्विच बदलला. टक् येतोय. शेजारच्या काकू विचारत होत्या, घरघंटी बिघडली का, आवाज करते.

सड्यावरचा | २१ जून, सकाळी ७.०५

मंडळी, आरसीसीबी पुन्हा पडला. पहाटे. पंप बंद होता, प्लगही काढलेला.

वायरमन_निवृत्त | २१ जून, सकाळी ७.२०

घाबरू नका. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडेल ती लाईन. मग त्या लाईनीवरचे प्लग एकेक काढून बघा.

सड्यावरचा | २१ जून, सकाळी ७.५०

गीझर निघाला. आई म्हणते, आंघोळीच्या नळाला अधूनमधून मुंग्या यायच्या, पण तिला वाटायचं पाणी थंड म्हणून.

कॉइलवाला | २१ जून, सकाळी ८.००

गीझर बंदच ठेवा, बंबावर आंघोळी करा. एलिमेंट बदलेपर्यंत लाईन द्यायची नाही. आणि त्यासाठी नवा धागा काढा, हा पंपाचा आहे.